जिंकेल ती उठेल

दिवेआगर, ६ ऑक्टोबर २०२५

फिरोजा,

तुझी खुशाली विचारत नाही. ती मला काल दुपारी पुण्याच्या एका पाहुण्या पोरीच्या मोबाइलवर दिसली. चांगली भरलीस. शारजाची हवा मानवली म्हणायची.

आमच्या होमस्टेला सध्या पुण्याच्या चार पोरी उतरल्यात. समुद्र दोनशे पावलांवर, पण एकीनं तिकडे ढुंकून बघितलं नाही. पडवीत टेबल ओढलं, गुलाबी पेटी उघडली आणि सकाळपासून खडखड सुरू. मी चहा घेऊन गेले ती तिथंच उभी राहिले. माजाँग! पाच वर्षं आठ महिने तो सोंगट्या घोळवायचा आवाज ऐकला नव्हता. अर्धा चहा ट्रेमध्ये सांडला.

एक पोर म्हणाली, “आजी, हा चायनीज गेम आहे. खूप कॉम्प्लिकेटेड असतो.”

“व्हय का?” मी म्हटलं. “मग ती पाच काठ्यांची सोंगटी कशाला कवटाळून बसलीयस? तिच्या तिन्ही बहिणी केव्हाच खाली पडल्यात.”

त्या चौघींतली एक ओरडली, “अय्या, कोकणातला माजाँग! तो इनशाचा व्हिडिओ आहे ना!” आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यात तू. सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, शेजारी तुझी नात. साडेचार लाख लोकांनी बघितलाय म्हणे.

इनशा सांगते की तिचे पणजोबा नुरुद्दीन जहाजावर नोकरीला होते, त्यांनी हाँगकाँगहून हा खेळ आणला आणि आमच्या घरातल्या बायका साठ वर्षं तो खेळत आल्या. ‘आमच्या घरातल्या’! आणि पाठोपाठ तो फोटो. श्रीवर्धनच्या फोटोवाल्यानं काढलेला, तुझ्या माजघरातला. तुझी सासू हलीमाचाची, तुझी जाऊ झुलेखा, तू. आणि टेबलाच्या कडेला एक हात. कोपरापासून पुढचा. त्यात हिरव्या बांगड्या. बाकीची बाई कापून टाकलीय.

तो हात कोणाचा आहे फिरोजा? तुझ्या घरात कोण घालत होतं हिरव्या बांगड्या?

आणि तुझ्या नातीनं नियम सांगितला तो तर वरताण. “आमच्याकडे जिंकणारी उठते, कारण तेव्हा बायकांना स्वयंपाकघर सांभाळावं लागायचं.” तू शेजारी बसून मान हलवतेस. तुला लाज कशी वाटली नाही गं?

शेवटी म्हणे मूळ सेट २०२० च्या वादळात गेला. गेला नाही. माझ्या कपाटात आहे, पातळांच्या खाली.

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून कागदावर लिहितेय. माझी सून प्राची फोटो काढून फहादच्या फोनवर पाठवील. तुझ्या लेकाला वाचून दाखवायला सांग. त्यालाही कळू दे.

बायजा


दिवेआगर, १५ ऑक्टोबर २०२५

फिरोजा,

तुझं उत्तर नाही, तुझ्या फहादचं आलं. “बायजामावशी, सेट आपल्याकडे सुखरूप आहे हे ऐकून बरं वाटलं. डिसेंबरात इनशा नागावच्या रिसॉर्टवर माजाँगचा मोठा मेळावा घेत आहे. अम्मीही येणार आहे. सेट आमच्या घरचा आहे, तरी कृपया परत करावा.” किती गोड! त्याला मी मांडीवर घेऊन पेज भरवलीय, आणि मला ‘कृपया’ लिहितो.

आता नीट ऐक. तुझी आठवण आखूड झाली असेल तर मी सांगते.

मी लग्न होऊन या वाडीत आले १९७९ साली, तुझ्यानंतर दोन महिन्यांनी. मधे फक्त कुंपण. शुक्रवारी तुमची पुरुषमाणसं नमाजाहून येऊन, जेवून आडवी झाली की तुमच्या माजघरात खडखड सुरू व्हायची. मी सुपारी सोलायच्या निमित्तानं यायची आणि खांबाला टेकून बघत राहायची. चार खुर्च्या, चार बाया. चाची, झुलेखा, तू आणि नुरुद्दीनचाचांची विधवा बहीण. पाचवीला जागाच नव्हती. सहा शुक्रवार मी उभी होते. सातव्या शुक्रवारी चाची जिंकली आणि खुर्चीतून उठली. मला म्हणाली, “बस.” झुलेखा म्हणाली, “चाची, जिंकणारी बसून ऱ्हाते. अब्बांनी तसंच शिकवलंय.” तेव्हा चाची काय म्हणाली ते तुझ्या कानावर पडलं होतं, तू शेजारीच होतीस. “जिंकली तिचं पोट भरलं. आता भुकेलीला बसू दे.” आणि आत जाऊन तिनं चहा टाकला. सासूनं! सुनांसाठी आणि शेजारणीसाठी!

हा आहे नियम. तो माझ्यासाठी झाला. बायकांना चुलीकडे हाकलायला नाही, एका उभ्या बाईला बसवायला झाला. चाचीला तुझ्या नातीनं साडेचार लाख लोकांसमोर खोटं पाडलं आणि तू मान डोलावलीस.

तर माझ्या दोन गोष्टी. व्हिडिओ दुरुस्त करायचा, ही पहिली. दुसरी माझी आणि तुझी. तेवढ्यासाठी हा कागद मी प्राचीला वाचू देणार नव्हते, पण फोटो तीच काढणार, मग वाचू दे.

२०२० च्या फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. चाचीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आपण तिघी आणि वाडीतल्या हिरामणची आई खेळत होतो. तुझी चुलतबहीण पाचवी म्हणून थांबली होती. तू सात टिकल्यांची सोंगटी टाकलीस. मला तीच हवी होती. मी उचलली, “झालं!” म्हटलं, उठले आणि नियमाप्रमाणे चहाला आत गेले. तुमच्या स्वयंपाकघरात, जिथं साखरेचा डबा कुठं असतो हे तुझ्या जावेपेक्षा मला जास्त ठाऊक. पाच कप घेऊन बाहेर आले तर तुझी खुर्ची रिकामी. झुलेखा जमिनीकडे बघतेय. दारातली गाडी गेलेली. कायमची गेलीस शारजाला, आणि मला एक शब्द नाही. चाळीस वर्षांच्या शेजारणीला! सोंगट्या टेबलावर तशाच पडल्या होत्या. त्या मी भरून घरी नेल्या, कारण भरायला दुसरं कोणी उठलंच नाही.

मला एवढंच सांग. मी चार तिकड्या उघड्या मांडून बसलेय हे तुला दिसत होतं. सात टिकल्या टाकल्यास की मी जिंकणार आणि उठणार, हे तुला कळत होतं. तू ती जाणून टाकलीस का?

हो की नाही, एवढंच. त्याशिवाय सेटला कोणी हात लावायचा नाही.

बायजा


दिवेआगर, ३ नोव्हेंबर २०२५

फिरोजा,

तुझा आवाज ऐकला. अकरा सेकंद. प्राचीनं तीनदा लावून दाखवला. “अगो बायजा, खेळ हाय तो. पडली सोंगटी, तू उचललीस. तुला कधी जिंकल्याबिगर राहवत न्हवतं, त्याला मी काय करू? सेट दे पोरीला.”

वा गं वा! मी विचारते काय आणि तू सांगतेस काय!

मला जिंकल्यावाचून राहवत नाही? अगं, आपल्या टेबलावर जिंकायला कोण धडपडत होतं? जिंकलं की उठावं लागायचं. बसून राहायचं असेल तर जमलेल्या सोंगट्यांचा हात मोडायचा, हे मला कोणी शिकवलं? तूच. पावसाळ्यात तुझी बोलण्याची लहर लागली की तू हातातली चांगली जोडी फोडायचीस आणि डोळ्यानं मला खुणवायचीस. चाचीला सगळं कळायचं. ती म्हणायची, या दोघी माजाँग खेळत नाहीत, उखळीत पाय अडकल्यासारख्या बसून राहतात.

आणि सेट ‘दे’ म्हणतेस तर ऐक तो कसा राहिला. तीन जूनच्या वादळात तुझ्या घराचं छप्पर उडालं. कौलं आमच्या अंगणात. माझ्या साठातल्या एकेचाळीस पोफळी आडव्या झाल्या, नारळ मुळासकट उपटले. आम्ही पाच जणं मधल्या खोलीत खाटेखाली. बाकी बायकांनी दागिने पोटाशी धरले होते. मी काय धरलं होतं ते विनेशला, माझ्या मुलाला, विचार. तो अजून हसतो. तो सेट तुझ्या माजघरात ठेवून गेले असते तर आज एक सोंगटी मिळाली नसती.

तेव्हाही फोन केला नाहीस. सगळ्या कोकणाची विचारपूस झाली, आबुधाबीच्या माणसांनी फोन केले, ओळख ना पाळख. तू फहादकरवी झुलेखाला विचारलंस, बायजाचं घर उभं आहे का. मला नाही विचारलंस. हे मी विसरणार नाही, मेल्यावरही नाही.

इकडे खेळाला काय भरतं आलंय बघ. गेल्या आठवड्यात नौदलातल्या एका साहेबांची बायको उतरली होती, ती विशाखापट्टणमपासून कोचीपर्यंत क्लबात खेळलेली. तिच्याबरोबर एक पारशी म्हातारी, ब्याऐंशी वर्षांची, तिची आई मुंबईला फोर्टात खेळायची. पुण्याच्या पोरी पुन्हा आल्या, या वेळी त्यातल्या एकीनं आपल्या आजीला आणलं. प्राची मोबाइलवर खेळते, जोड्या लावायच्या आणि पुसायच्या. मी म्हटलं, याला माजाँग म्हणायचं तर शेंगा सोलण्याला स्वयंपाक म्हणायला पाहिजे. तर या सगळ्यांच्यात नियम वेगवेगळे. एकीकडे फुलांच्या सोंगट्या धरतात, एकीकडे फेकून देतात, एकीकडे कार्डावर छापलेलेच हात चालतात. पण एक सगळीकडे सारखं. जिंकणारी बसून राहते. मी पारशी म्हातारीला आपला नियम सांगितला तर ती म्हणाली, “बिचारी जिंकनारी!”

मी तिला सांगितलं, बिचारी वगैरे काही नाही. उठायला मन मोठं लागतं.

उत्तर आल्याशिवाय तुझ्या मेळाव्याला मी येणार नाही. हो की नाही?

बायजा


दिवेआगर, २४ नोव्हेंबर २०२५

फिरोजा,

तुझं पत्र आलं. खरं, कागदाचं. मराठी शाळेतलं अक्षर अजून तसंच आहे, ‘ल’ला शेपूट जास्त.

‘हो’ लिहिलंस. जाणून टाकली.

पुढे लिहिलंस की फहादनं तिकिटं आठ दिवस आधी काढली होती. तुला सांगायचं धाडस झालं नाही. बायजा दारात उभी राहिली असती तर मला गाडीत बसता आलं नसतं, म्हणून तिला आत पाठवलं, असं लिहिलंस. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी येईल असं तुला वाटलं असेल. आलं नाही. माझं डोकं फिरलं. तुला गाडीत बसता यावं म्हणून मी चुलीपाशी उभी! तुझं सोपं व्हावं म्हणून चाचीचा नियम वापरलास! तिनं मला बसवायला केला, तू मला उठवायला वापरलास. तुझ्या नातीचा व्हिडिओ यापुढे काहीच नाही. ती बिचारी अजाण आहे, तू नव्हतीस.

चहा टाकताना मी आलं किसत होते. गाडीचं दार बंद झाल्याचं ऐकू आलं.

आता इथवर लिहिलंय तर पुढचंही लिहिते. तू विचारलेलं नाहीस, तरी.

मला माहीत होतं. तुझ्या आतल्या खोलीचा पडदा वाऱ्यानं उडाला तेव्हा बॅगा दिसल्या होत्या मला. तीन मोठ्या, त्यांना दोऱ्या बांधलेल्या. दोन दिवसांसाठी कोणी दोऱ्या बांधत नाही. त्या दिवशी मी चार डाव खेळले आणि चारही डाव वाट बघितली की तू आता बोलशील, आता बोलशील. तू सोंगट्या लावत बसलीस. चौथ्या डावात झुलेखानं सात टिकल्या टाकल्या. होय, तुझ्याआधी तिनं टाकल्या होत्या. मी जिंकत होते. उचलल्या नाहीत. उठायचं नव्हतं मला, म्हणून जाऊ दिल्या.

मग दोन फेऱ्यांनी तीच सोंगटी तू टाकलीस. टाकलीस आणि माझ्याकडे बघितलंस. तेव्हा मला कळलं की ही मला उठवतेय. तीही जाऊ देता आली असती. मी टेबलाला चिकटून बसले असते तर तू काय केलं असतंस? बोलावंच लागलं असतं तुला. पण मला राग आला. मनात म्हटलं, मी नको झालेय ना, ठीक आहे, उठते. मुद्दाम मोठ्यानं “झालं!” म्हटलं.

म्हणजे तू फेकलीस ती जाणून आणि मी उचलली तीही जाणून. पाच वर्षं नऊ महिने मी तुला एकटीलाच शिव्या घातल्या. त्या अजूनही घालते, पण आता हे लिहून ठेवलंय. मी चुकले. उचलायला नको होती.

माफी मागत नाही. तूही मागितलेली नाहीस, बघितलं मी, पत्र दोनदा वाचून.

बायजा


दिवेआगर, १५ डिसेंबर २०२५

फिरोजा,

काल नागावला तोंडानं बोलायला पाहिजे होतं ते लिहितेय, कारण तू समोर आलीस की माझं तोंड शिवल्यासारखं होतं. झुलेखाचा जावई सकाळी फेरीबोटीनं मुरूडला परततोय, त्याच्या हाती देते. म्हणजे तू तिच्या लेकीकडे उतरलीयस तिथं दुपारपर्यंत मिळेल.

आधी तक्रारी. साठ बाया बोलावल्या आणि पाणी प्यायला एवढ्याएवढ्या बाटल्या. फोटो मोठा करून टांगला, कापलेला भाग जोडला, खाली माझं नाव घातलं, ठीक आहे. पण त्यात माझा एक डोळा मिटलेला आहे, दुसरा फोटो मिळाला नाही का? इनशानं माइकवरून नियमाची खरी गोष्ट सांगितली, चाचीचं वाक्य नीट म्हटलं. तेवढ्यासाठी बाकीचं तिला माफ.

आणि तू. काठी घेऊन चालतेस हे व्हिडिओत दाखवलं नव्हतंस. समोर आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि पहिलं वाक्य काय, “सेट आणलास?” मी म्हटलं, “आणलाय.” संपलं. साठ बाया बघतायत, पोरी मोबाइल धरून उभ्या आहेत, दोघी गळ्यात पडतील म्हणून. आणि आपण दोघी खुर्च्या सरकवतोय.

पहिला डाव. तू, मी, झुलेखा, इनशा. प्राची पाचवी म्हणून मागे उभी. मला सुरेख हात आला होता. दोन सोंगट्यांचं काम. मी मोडला. समोर बघते तर तूही लाल सोंगट्यांची जोडी फोडून टाकलीस. तुझी लाल जोडी! तू मेलीस तरी फोडली नसतीस. मधे रचलेल्या भिंतीतल्या सोंगट्या संपल्या, कोणीच जिंकलं नाही. दुसरा डाव, तेच. तू टाकतेस, मी टाकते, दोघी चांगलं ते टाकून वाईट ते ठेवतोय. झुलेखा वैतागली. “या दोघींना खेळायचाच न्हाय,” म्हणाली. इनशा माइकवर सांगत होती की हा बचावाचा डाव आहे. कसला बचाव! पुण्याच्या पोरी वहीत लिहून घेत होत्या.

तिसऱ्या डावात तू भिंतीतून सोंगटी उचललीस आणि हात उघडा केलास. “झालं.” अगदी हळू म्हणालीस. का केलंस ते मला कळलं. प्राची दोन डाव उभी होती. चाची असती तर तिनंही तेच केलं असतं. काठी घेतलीस, टेबलावर हात टेकलास, उठायला लागलीस. बायांनी टाळ्या वाजवल्या, नियम डोळ्यांनी बघायला मिळाला म्हणून.

आणि दारात फहादची गाडी उभी होती. मी तुझं मनगट धरलं. किती जोरात धरलं ते तुझ्या मनगटावर अजून दिसत असेल. “कुठं चाललीस? बस खाली.”

इनशा म्हणाली, “बायजानानी, रूल!”

“खड्ड्यात गेला रूल,” मी म्हटलं. माइक चालू होता. साठ बायांनी ऐकलं. ज्या नियमासाठी मी दोन महिने तुला झोडपलं तो मीच मोडला, आणि मोडताना मला चाचीचीही लाज वाटली नाही. ती ज्या कारणानं उठली, त्याच कारणानं मी तुला उठू दिलं नाही. भुकेली मीच होते. प्राचीला पाचवी खुर्ची आणून दिली. चौघींच्या खेळात पाचवी कशी खेळणार ते तिचं ती बघेल.

तू बसलीस. मी मनगट सोडलं नाही, म्हणून पुढचा डाव तू एका हातानं खेळलीस. हरलीस.

सेट इनशा घेऊन गेली. जाऊ दे, तिच्या हातात खेळला जाईल, माझ्या पातळांखाली काय करायचाय! तुझ्यावरचा राग मात्र आहे तसाच आहे. गैरसमज करून घेऊ नकोस. पाच वर्षांचा राग एका दुपारी जात नसतो.

गुरुवारी तुझं विमान आहे असं प्राची म्हणते. बुधवारी मी दिवसभर घरी आहे. आगरदांड्याहून फेरीबोट दर तासाला सुटते, फहादला सांग, अर्ध्या दिवसाचं काम आहे. या खेपेला सांगून जा. भांडून जा हवं तर, दारात उभी राहून शिव्या देऊन जा, पण सांगून जा.

बायजा